लॉगिन सगळीकडे, काम कुठेच नाही

ताई, मी अंबाजोगाईला बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. एआयमध्येच काहीतरी करायचं हे पक्कं ठरवलंय. त्यासाठी हगिंग फेस, कॅगल, कोलॅब, गिटहब, सरकारचं एआयकोश, एआयची मॉडेलं, डेटा आणि कोड ठेवणाऱ्या अशा साइटवर जिथे म्हणून खातं उघडता येतं तिथे उघडून ठेवलंय. रोज सगळीकडे डोकावते, कोर्स सुरू करते आणि दुसऱ्या-तिसऱ्या धड्यावर तो सुटतो. पुण्याला इंजिनिअरिंग करणारी मैत्रीण म्हणते, कॅगलच्या स्पर्धांत मेडल नसेल तर कुणी विचारत नाही. आता एका क्लासचा फोन आलाय: दोनशेहून जास्त एआय टूल्स, कोर्सेस, प्रोजेक्ट पार्टनर, सगळं एकाच लॉगिनमध्ये, लाइफटाइम ॲक्सेस. फी ७२ हजार, हप्त्याने भरली तरी चालते. बाबांचं कृषी सेवा केंद्र आहे. ते म्हणतात, तुला पाहिजे असेल तर भरू. माझा लॅपटॉप जुना आहे, इंग्रजीत चारचौघांत लिहायची भीती वाटते आणि लाईटचा भरवसा नाही. फी भरू का? आणि नाही भरली तर नेमकं कुठे बसून शिकू?
– एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई

प्रिय मैत्रिणी,

पैशांचा प्रश्न आधी सोडवू, कारण तिथे बाबा अडकलेत. फी भरू नकोस. आत्ता तर नाहीच, आणि हप्त्याने मुळीच नाही.

‘हप्त्याने भरली तरी चालते’ असं क्लासवाले म्हणतात, तेव्हा सहसा क्लास पैशांसाठी थांबणार नसतो. एखादी फायनान्स कंपनी क्लासला एकरकमी फी देऊन टाकते आणि कर्ज बाबांच्या नावावर चढतं. उद्या क्लास बंद पडला किंवा तुलाच ते शिकवणं पटलं नाही, तरी हप्ते चुकत नाहीत. एखादा हप्ता थकला तर त्याची नोंद बाबांच्या सिबिलवर होते. खरिपाच्या तोंडावर खतं-बियाणं भरायला त्यांना बँकेची सीसी (कॅश क्रेडिट) लागत असेल, तर हा धक्का थेट दुकानाला बसतो. मोबाईलवरून मिळणाऱ्या अशा कर्जात कर्ज देणाऱ्याने ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा कागद द्यायला हवा, त्यात वर्षाचा खरा व्याजदर लिहिलेला हवा आणि विचार बदलला तर ठरावीक मुदतीत कर्जातून बाहेर पडता यायला हवं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तुम्ही अजून सही केलेली नाही हे बरं झालं. कुठल्याही ओटीपीच्या आधी तो कागद मागायचा, एवढं बाबांना सांगून ठेव. पुढे कुठल्याही कर्जाला ते उपयोगी पडेल.

आता ‘दोनशे टूल्स एका लॉगिनमध्ये’ याबद्दल. असं पोर्टल बहुधा दोनपैकी एका तऱ्हेने उभं राहतं. तू टाइप केलेलं एखाद्या मोठ्या कंपनीच्या मॉडेलकडे पाठवायचं आणि आलेलं उत्तर आपल्या पानावर दाखवायचं, ही एक तऱ्हा. दुसऱ्या तऱ्हेत एकच सशुल्क खातं पन्नास जणांत वाटून वापरलं जातं, आणि हे मूळ कंपनीच्या अटींत बसत नाही, त्यामुळे ते खातं कधीही बंद होऊ शकतं. दोन्हींत तू शिकतेस ते प्रश्न टाइप करायला, आणि त्यासाठी ७२ हजार लागत नाहीत. ‘लाइफटाइम’ या शब्दावर तर विसंबूच नकोस. गूगलचं टेन्सरफ्लो हब, म्हणजे तयार मॉडेलं ठेवायची सामायिक जागा, २०२३ मध्ये कॅगलमध्ये विलीन झालं. संशोधनपत्रिका आणि त्यांचे कोड एकत्र ठेवणारं ‘पेपर्स विथ कोड’ जगभरच्या विद्यार्थ्यांचं रोजचं ठिकाण होतं, मेटासारख्या कंपनीच्या हातात होतं, तरी २०२५ च्या जुलैत बंद झालं. तेव्हा कुठल्याही हबवर आपलं जे काही असेल त्याची एक प्रत स्वतःच्या पेन ड्राइव्हवर ठेवायची, ही सवय आतापासून लाव.

सगळेच क्लास वाईट असं माझं म्हणणं नाही. समोर बसून तुझा कोड वाचणारा, ‘हे असं का केलंस?’ विचारणारा शिक्षक मिळाला तर त्याला जरूर पैसे द्यावेत. इथे मात्र लॉगिन विकायला काढलंय.

तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य वेगळंच आहे: ‘रोज सगळीकडे डोकावते.’ मोंढ्यात रोज चक्कर मारून शेती येत नाही. हबचंही तसंच आहे. त्याचा उपयोग तिथे काहीतरी घेऊन जाणाऱ्याला होतो, आणि तुझ्या हातात अजून न्यायला काही नाही. म्हणून कोर्स सुटतात. त्यात आळसाचा भाग फारसा नाही, उगाच स्वतःला दोष देत बसू नकोस.

हगिंग फेस कसं उभं राहिलं ते थोडक्यात सांगते, म्हणजे माझा मुद्दा लक्षात येईल. २०१६ मध्ये तीन फ्रेंच तरुणांनी, क्लेमां दलांग, ज्युलियां शोमों आणि तोमा वुल्फ यांनी, न्यूयॉर्कमध्ये ही कंपनी काढली ती किशोरवयीन मुलांशी गप्पा मारणाऱ्या चॅटबॉटसाठी. २०१८ च्या अखेरीस गूगलने बर्ट हे भाषेचं मॉडेल खुलं केलं. ते टेन्सरफ्लो या गूगलच्या साधनात लिहिलेलं होतं, त्यामुळे पायटॉर्च हे दुसरं साधन वापरणाऱ्यांना ते चालवता येईना. या मंडळींनी ते पायटॉर्चमध्ये बसवलं आणि गिटहबवर सगळ्यांसाठी ठेवून दिलं. लोकांनी वापरलं, चुका कळवल्या, दुरुस्त्या पाठवल्या, आणखी मॉडेलं जोडली. त्यातून ट्रान्सफॉर्मर्स ही लायब्ररी (तयार कोडचा संच) तयार झाली आणि मॉडेलं ठेवायला जागा हवी म्हणून हब झालं. २०२४ मध्ये तिथल्या मॉडेलांची संख्या १० लाखांच्या पुढे गेली. सुरुवात झाली ती एका नेमक्या अडचणीपासून आणि चारचौघांत ठेवलेल्या एका उत्तरापासून.

तुझी अडचण कुठली, हे मी पुण्यात बसून ठरवणं बरोबर नाही. पण बाबांचं कृषी सेवा केंद्र आहे हे वाचल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही, ती सांगते.

त्या काउंटरवर दिवसभर माणसं काय बोलतात ते एकदा कान देऊन ऐक. ‘सोयाबीन पिवळं पडायलंय.’ ‘तुरीची झाडं उभ्या उभ्या वाळायलीत.’ ‘शेंड्याच्या खाली खोडाला दोन रिंगा दिसायल्यात, वरचं सुकतंय.’ यातलं शेवटचं ऐकलं की बाबा क्षणात चक्रीभुंगा म्हणत असतील. तुरीचं ऐकून मर रोगाची शंका घेत असतील. पिवळ्या सोयाबीनवर मात्र ते लगेच उत्तर देणार नाहीत. पानं कुठली पिवळी, वरची की खालची? शिरा हिरव्या आहेत का? रानात पाणी साचलंय का? पांढरी माशी दिसते का? कारण पिवळेपणा पिवळ्या मोझॅकचाही असतो, लोहाच्या कमतरतेचाही असतो आणि पाणी साचल्याचाही असतो.

हे जे बाबा करतात, तक्रारीच्या वाक्यावरून वर्ग ठरवणं, तेच मशीन लर्निंगमधलं वर्गीकरण. तुझ्या अभ्यासक्रमात ते इंग्रजी ईमेलवर शिकवलं असेल. तुझ्या घरात ते मराठीत, तेही मराठवाड्याच्या बोलीत, रोज चालू आहे. आणि ‘पडायलंय’, ‘वाळायलीत’, ‘दिसायल्यात’ ही रूपं आज उपलब्ध असलेल्या मराठी मजकुरात फारच कमी सापडतात, कारण तो मजकूर मुख्यतः बातम्यांतून, विकिपीडियातून आणि ट्विटरवरून गोळा झालेला आहे. ब्लूम हे भाषेचं मॉडेल घे. हजाराहून अधिक संशोधक एकत्र आले, पॅरिसजवळच्या जां झे या महासंगणकावर ते घडवलं आणि २०२२ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. १७६ अब्ज पॅरामीटर्स (शिकताना ठरलेले आकडे), ४६ भाषा, त्यात मराठीही आहे. पण मराठीचा वाटा एका टक्क्याच्याही कितीतरी खाली. त्यातही केज-परळीकडचा शेतकरी जसं बोलतो तसली मराठी किती असेल याचा अंदाज तूच कर. तुझी दोनशे वाक्यं इंग्रजीच्या ढिगात कुणाला दिसणारही नाहीत. इथे ती मोलाची आहेत, आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. गेली काही वर्षं मराठी मजकुरावरच काम करते, त्यामुळे नेमका कुठे तुटवडा आहे ते रोज दिसतं.

तर दीडशे-दोनशे वाक्यांपासून सुरुवात कर. बाबांच्या व्हॉट्सॲपवर जुने मेसेज आणि व्हॉइस नोट असतील, त्यांना हात लावू नकोस. ते ज्यांनी पाठवले त्यांनी सल्ल्यासाठी पाठवले होते, डेटासेटसाठी, म्हणजे मशीनला शिकवायच्या माहितीच्या संचासाठी, नव्हे. काउंटरवर येणाऱ्या माणसाला सरळ सांग, ‘काका, मी कॉलेजच्या कामासाठी तक्रारी लिहून घेते, नाव-गाव-नंबर लिहिणार नाही, चालेल का?’ नाही म्हणाला तर सोडून दे. हो म्हणाला तर वाक्य जसंच्या तसं लिही, शुद्ध करत बसू नकोस. ‘शुद्ध’ केलंस की डेटासेटचा जीवच जातो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ मध्ये झालाय, पण कायदा नसता तरी बाबांच्या दुकानावर लोकांचा जो विश्वास आहे त्यासाठी हे पाळायला हवं होतं.

मग लेबलं. कीड, रोग, अन्नद्रव्याची कमतरता, तणनाशकाची इजा, पाण्याचा ताण किंवा साचलेलं पाणी, आणि ‘यावरून सांगता येत नाही’. हा शेवटचा वर्ग ठेवच. तू आणि बाबा दोघांनी एकमेकांचं न बघता सगळ्या वाक्यांना लेबल लावायचं, मग ताडून बघायचं. जुळणी किती झाली ते मोजायला कोहेन्स कॅपा (Cohen's kappa) नावाचं माप आहे, ते शिकून घे. पण आकड्यापेक्षा जिथे जुळलं नाही ती वाक्यं जास्त शिकवतील. ती घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जा, ते तुमच्या अंबाजोगाईतच आहे, किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या कुणा कीटकशास्त्रज्ञाला विचार. तुझी वही बघून ते दारातून परत पाठवणार नाहीत.

एक गोष्ट मात्र अगदी निक्षून सांगते. तुझ्या मॉडेलने औषधाचं नाव किंवा मात्रा सांगायची नाही. ‘ही बहुधा कीड आहे, तज्ज्ञाला दाखवा’ इथे थांबायचं. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकऱ्यांचा आणि मजुरांचा जीव गेला. दोनशे वाक्यांवर शिकलेल्या मॉडेलवर पंपातल्या औषधाचं माप कुणी ठरवू नये, आणि हे तुझ्या पानावर सगळ्यात वर, मराठीत, ठळक लिहिलेलं असावं.

आता हब. माझ्या मते तुझ्यासाठी एकच पुरे: हगिंग फेस. बाकीची खाती राहू देत, पण त्यांचे ॲप आणि ईमेल बंद कर. गणनेसाठी कॅगल लागेल, ते फक्त यंत्र म्हणून वापर.

हगिंग फेसवर जाऊन मॉडेलांच्या यादीत भाषा ‘मराठी’ निवड. पुण्याच्या एल३क्यूब या गटाची नावं दिसतील, महाबर्ट (मराठीवर शिकवलेलं बर्ट) आणि तिची भावंडं. त्यांचे डेटासेट बघ. महासेंट हा २०२१ मधला, सुमारे १६ हजार ट्वीट्सना भावनेचं लेबल लावलेला. महाएनईआर २०२२ मधला, २५ हजार वाक्यांतली माणसांची, गावांची, संस्थांची नावं हाताने खुणावलेली. यातलं बरंचसं काम पुण्याच्या महाविद्यालयांतल्या पदवीच्या विद्यार्थ्यांनी केलंय, तेव्हा ते तुझ्यापेक्षा दोन-एक वर्षांनीच मोठे असतील.

मॉडेलचं पान उघडलंस की थेट कोड कॉपी करू नकोस. आधी मॉडेल कार्ड वाच. कशावर शिकवलंय, कशासाठी आहे, कशासाठी नाही. कार्ड कोरं असेल तर पुढे जा. हबवरची पुष्कळशी मॉडेलं तशीच आहेत. मग परवाना बघ. ‘सीसी बाय’ (क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना) असेल तर श्रेय देऊन कशालाही वापरता येतं, त्याला ‘एनसी’ जोडलेलं असेल तर धंद्यासाठी चालत नाही. मग फाइल्सचा टॅब. तिथे ‘सेफटेन्सर्स’ प्रकारची फाइल असेल तर ती घे. जुन्या ‘पिकल’ पद्धतीच्या फाइलमध्ये कुणी वाईट हेतूने कोड लपवला तर ती उघडताक्षणी तो तुझ्या यंत्रावर चालतो, आणि अशी मॉडेलं हबवर सापडलेली आहेत. शेवटी कम्युनिटीचा टॅब, जिथे लोकांनी प्रश्न आणि तक्रारी लिहिलेल्या असतात. मी स्वतः कार्डाइतकाच वेळ तिथे घालवते.

हे सगळं कशासाठी, ते एका खऱ्या उदाहरणावरून दाखवते. गूगलच्या बहुभाषिक बर्टचे दोन प्रकार हबवर आहेत, ‘केस्ड’ आणि ‘अनकेस्ड’. अनकेस्ड प्रकार इंग्रजीतली मोठी-छोटी अक्षरं एक करतो आणि त्याबरोबर फ्रेंच, जर्मन अक्षरांवरच्या खुणाही पुसतो. आता संगणकाच्या लेखी आपले उकार, एकार-ऐकाराच्या मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हे त्याच जातीचे. तेही पुसले जातात. काना, वेलांटी आणि ओकार-औकार तेवढे वाचतात. म्हणजे ‘तूर’ आत गेली की ‘तर’ होते, ‘मूग’चं ‘मग’ होतं, ‘पुणे’चं ‘पण’, ‘कोल्हापूर’चं ‘कोलहापर’. एरर येत नाही. प्रोग्राम सुरळीत चालतो, अचूकतेचा आकडाही छापून येतो, आणि मॉडेल बिचारं ‘तर’ आणि ‘मग’ वाचून पिकांबद्दल मत देत असतं. गूगलने स्वतःच्या टिपणात या प्रकारापुढे ‘शिफारस नाही’ असं लिहून ठेवलंय. पण टिपण न वाचता, डाउनलोडचा आकडा बघून मॉडेल उचलणाऱ्याला ते दिसणार कुठून?

म्हणून कुठलंही मॉडेल निवडलंस की आधी त्याचा टोकनायझर, म्हणजे वाक्याचे तुकडे पाडणारा भाग, घे, तुझ्या वहीतली पाच वाक्यं त्यात घाल आणि तो त्यांचे काय तुकडे पाडतो ते छापून बघ. पाच मिनिटांचं काम आहे. पडलेल्या मात्रा, तुटलेली जोडाक्षरं लगेच दिसतात. तुझ्या ‘वाळायलीत’चे किती तुकडे झाले तेही दिसेल, आणि पुढे तिथेच चुका का होतात याचा धागा बहुधा त्यातच मिळेल.

लॅपटॉप जुना आहे त्याची चिंता नको. महाबर्टला तुझ्या वाक्यांवर शिकवायचं काम ब्राउझरमधूनच होतं. कॅगल मोबाईल नंबर पडताळून दर आठवड्याला ठरावीक तास जीपीयू, म्हणजे वेगवान गणनेचं यंत्र, फुकट देतं, आणि दोनशे काय, हजारभर छोट्या वाक्यांचं प्रशिक्षणही तिथे काही मिनिटांत उरकतं. लाईटचा उपायही तिथेच आहे. नोटबुक (कॅगलवरची कोडची वही) तयार झालं की ‘सेव्ह व्हर्जन’ दाबून ‘सेव्ह अँड रन ऑल’ निवडायचं. मग काम त्यांच्या सर्व्हरवर चालतं. तुझी लाईट गेली, नेट गेलं, लॅपटॉप बंद झाला तरी चालू राहतं, आणि नंतर येऊन निकाल बघता येतो. गूगलच्या फुकटच्या कोलॅबमध्ये ही सोय नाही, तिथे टॅब उघडा ठेवावा लागतो. अंबाजोगाईत बसून काम करायचं तर हा फरक मोठा आहे. बाबांना खर्च करायचाच असेल तर लॅपटॉपला एसएसडी (वेगवान डिस्क) बसवून द्यायला सांग. क्लासच्या फीच्या अगदी थोड्या भागात होईल आणि पदवी संपेपर्यंत लॅपटॉप टिकेल.

कोर्सबद्दल थोडंच लिहिते. आता तुझ्या हातात वही असल्यामुळे कोर्स पहिल्यापासून शेवटपर्यंत करायची गरज नाही. अडशील तिथला धडा उघडायचा. हगिंग फेसचा स्वतःचा भाषामॉडेलांवरचा कोर्स फुकट आहे, कॅगलचे पायथन आणि पांडाजचे छोटे धडेही फुकट आहेत. सलग, वेळापत्रकाने शिकायचं असेल तर एनपीटीईएल बघ. आयआयटी आणि आयआयएससीच्या प्राध्यापकांचे वर्ग, बघायला पैसे नाहीत, केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची असेल तरच साधारण १,००० रुपये. नाव असलेलं प्रमाणपत्र हवं असेल तर ते तिथलं असू दे.

एआयकोश हे इंडियाएआय मिशनचं व्यासपीठ ६ मार्च २०२५ ला सुरू झालं. सरकारी खात्यांचे आणि भारतीय संस्थांचे डेटासेट एका जागी मिळावेत हा त्याचा हेतू आहे, आणि तो चांगला आहे. शेतीचा, हवामानाचा काही डेटा लागला तर तिथे शोध. पण तुझं काम कुणी वाचावं, त्यावर कुणी बोलावं, यासाठी मला आज तरी हगिंग फेसच जास्त योग्य वाटतं. भाषिणी या सरकारच्या भाषा-तंत्रज्ञान उपक्रमाच्या ‘भाषादान’मध्ये मात्र एक संध्याकाळ जरूर घालव. तिथे दुसऱ्यांनी केलेली रेकॉर्डिंग ऐकून ती मजकुराशी जुळतात का ते तपासता येतं. पंखा, हॉर्न, अर्धवट तुटलेले शब्द ऐकले की चांगला डेटा म्हणजे काय ते कुठल्याही धड्यापेक्षा लवकर कळतं.

राहिली इंग्रजीची भीती. तुझ्या डेटासेटचं कार्ड मराठीत लिही. खरंच. वर इंग्रजीत पाच-सहा ओळींचा गोषवारा पुरे. तुझं काम ज्यांच्या उपयोगाचं आहे ते सगळे मराठी वाचू शकतात, नाहीतर त्यांना मराठीत रस तरी आहे. कम्युनिटी टॅबमध्ये प्रश्न विचारताना भाषेच्या सफाईची कुणाला पडलेली नसते, नेमकेपणाची असते. कुठलं मॉडेल, कुठली आवृत्ती, कुठलं वाक्य दिलं, काय यायला हवं होतं, काय आलं. एवढं सांगितलंस की मोडक्या इंग्रजीलाही उत्तर मिळतं. ‘सर, माझा कोड चालत नाही, प्लीज मदत करा’ याला अस्खलित इंग्रजीतही उत्तर मिळत नाही. भाषांतराचं साधन वापरलंस तरी हरकत नाही, फक्त पाठवण्याआधी एकदा स्वतः वाच. आणि पहिलं पाऊल म्हणून प्रश्न विचारण्याऐवजी दुसऱ्या कुणाच्या मराठी डेटासेटमधली पाच चुकीची लेबलं शोधून कळव. अनोळखी लोकांशी ओळख करून घ्यायचा याहून चांगला रस्ता मला माहीत नाही.

खातं उघडताना घेतलेलं नाव वर्षानुवर्षं सोबत राहतं, तेव्हा ते विचार करून घे. फोटो, मोबाईल नंबर, दुकानाचा पत्ता प्रोफाइलवर घालू नकोस. कुणी ‘सहकार्य करू’ म्हणून लगेच व्हॉट्सॲप नंबर मागितला तर सरळ ‘इथेच बोलू’ म्हण. खरं काम करणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. ॲक्सेस टोकन, म्हणजे तुझ्या खात्याची किल्ली, कधीही नोटबुकमध्ये उघडं लिहू नकोस. कॅगलमध्ये ‘सीक्रेट्स’ नावाची वेगळी जागा आहे, तिथे ठेव.

तुझी मैत्रीण मेडलबद्दल म्हणते ते अगदीच चूक नाही. ज्यांना स्पर्धांची आवड आहे त्यांनी कॅगलवर उतरावं, तिथे इतरांची नोटबुकं वाचूनच खूप शिकता येतं. पण टायटॅनिकचे प्रवासी कोण वाचले याचा अंदाज बांधणारं नोटबुक अर्ज करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडे असतं, आणि मुलाखत घेणाऱ्याला ते माहीत असतं. तुझ्या अर्जावर डेटासेटची लिंक असेल तर तो विचारेल, ‘सहा वर्ग का केले? बाबांशी मतभेद कुठे झाले? मॉडेल कुठल्या वाक्यांवर चुकतं?’ या प्रश्नांची उत्तरं तुला पाठ करावी लागणार नाहीत. लेबलं लावणाऱ्यांत बाबांचं नाव घाल, त्यांची हरकत नसेल तर.

पहिली दीडशे वाक्यं आणि मराठी कार्ड झालं की लिंक या सदराकडे पाठव. मी ती सगळी वाचेन, आणि ज्या लेबलांबद्दल शंका असेल ती तिथेच कम्युनिटी टॅबमध्ये मराठीत लिहीन.

तुझी,
ताई